अस्वलावरची फुंकर

दिनकररावांनी अस्वलाच्या पाठीवर फुंकर मारली. काळी भुकटी उडाली, टेबलावरून पलंगावर गेली, आणि पलंगावर बॅग ठेवायला निघालेली स्नेहल दारातच थांबली.

"खिडक्या तरी उघडा, बाबा."

"उघडतो," दिनकरराव म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

आईचे दिवस झाल्यावर पुण्याला गेलेली मुलगी दोन वर्षांनी बडोद्याला आली होती. तेही प्रदर्शनाची पत्रिका हातात पडली म्हणून. परतीची गाडी आजच पाचची आहे, हे तिने पाण्याचा पेला घेण्याआधीच सांगून टाकलं होतं. बसायला जागा शोधावी लागली. खुर्चीवर अस्वल होतं. कपाटाला टेकून दुसरं. देवघरापाशी एक अस्वलीण दोन पिल्लांसह ठाण मांडून होती. विश्वामित्री नदीतली एक मगरही होती, पण ती शेपटीपर्यंत पोचायच्या आतच सोडून दिलेली.

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात दिनकररावांनी छत्तीस वर्षं डब्यांच्या चाकांची ड्रॉइंगं काढली होती. निवृत्त झाल्यावर ते घरी पेन्सिलीने पक्षी काढू लागले. पक्षी असे, की कुणी मागितलाच तर सुटा भाग म्हणून पिसाचं मापही देता यावं. मग अहल्याबाई गेल्या. बाविसाव्या दिवशी दिनकरराव ड्राय पेस्टलची पेटी घेऊन आले. हे खडू म्हणजे दाबून बसवलेली रंगाची भुकटी. घासला की निम्मा रंग कागदावर आणि निम्मा हवेत.

तेव्हापासून ते रोज सकाळी कमाटीबागेत अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर जाऊन बसत. अस्वल त्यांच्याकडे पाठ करून झोपे. दोघांचं बरं जमलं. लोक भेटत, "काय दिनकरराव, मजेत ना?" असं विचारत आणि उत्तर ऐकायला न थांबता पुढे जात. अस्वल निदान तेवढं तरी विचारत नसे.

चित्रं चांगली होऊ लागली. केस न् केस उभा राही. अलकापुरीतल्या एका कलादालनाच्या उत्कर्षाबाई ती पाहायला घरी आल्या, खूश झाल्या आणि प्रदर्शनही ठरवून टाकलं. फक्त एक गोष्ट त्यांना बघवेना.

"काका, फुंकर नाही मारायची हो! बोर्ड उभा धरायचा, मागून टिचकी मारायची, भुकटी आपोआप खाली पडते. नाहीतर सगळी छातीत जाईल तुमच्या."

दिनकररावांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि बाईंची पाठ वळताच फुंकर मारली. समोरच्या घरातल्या जयश्रीबेनचा तर घसा बसायची वेळ आली होती. "काका, बारी उघाडो ने!" बारी उघडली नाही. भर दांडिया बाजारात बारा महिने खिडक्या लावून बसणारा माणूस हट्टी तरी असणार किंवा चक्रम तरी. गल्लीने दोन्ही धरून ठेवलं.

पुण्याच्या मामांचा निष्कर्ष निराळा होता. "तुझी आई गेली आणि भाऊजी बहरले," असं त्यांनी स्नेहलला फोन करून कळवलं होतं. अशा बातम्या मामा वेळेवर कळवत.

"चहा टाकू?" दिनकररावांनी विचारलं.

"नको. मी एकच विचारायला आलेय. उत्तर पटलं तर राहीन चार दिवस. नाही पटलं तर पुन्हा यायचीच नाही."

"विचार."

"आईला दमा होता. चाळीस वर्षं ह्या घरात उदबत्ती लागली नाही. खोडरबराचा चुरासुद्धा तुम्ही रस्त्यावर जाऊन झटकायचात. आणि ती जाऊन महिना झाला नाही तर हे? तिच्याच खोलीत?" स्नेहलने पलंगावरच्या भुकटीकडे बोट दाखवलं. "वाट बघत होतात का बाबा, ती जायची?"

दिनकररावांनी हातातला खडू खाली ठेवला. बोटं सदऱ्याला पुसली. सदरा आधीच काळा होता.

"मगर काढून बघितली," ते म्हणाले. "अंगावर केस नाहीत, काही उडतच नाही. वाघाचं थोडंफार निघतं. सगळ्यात जास्त अस्वलाचं."

"मी काय विचारतेय, तुम्ही काय सांगताय!" स्नेहल तिरीमिरीत उठली आणि तिने खिडकीची कडी काढली. फट पडताच रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्याची आरोळी, देवळातली घंटा असा अख्खा दांडिया बाजार आत घुसला.

"लाव ती. लाव आधी!"

वडिलांचा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. कडीवरचा हात तिथेच राहिला. दिनकरराव अस्वलाकडे वळले, छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा फुंकर मारली. भुकटी उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातून सावकाश आत गेली. त्यांनी मान कलती करून त्या दाराकडे कान दिला.

"चिमूटभर धूळ उडाली तरी ती आतून खोकायची," ते हळू म्हणाले. "मग ओरडायची, 'अहो, काय चाललंय तिकडे?' खिडकी उघडी असली की नीट ऐकू येत नाही. थोडा वेळ बोलू नकोस."

स्नेहलने खिडकी लावून घेतली आणि श्वास रोखून तीही ऐकत उभी राहिली.