सुनेचं घड्याळ

"सूनबाई, आज पडदा थिजला तर मला तोंड दाखवू नकोस!" कबड्डीच्या अंतिम सामन्याला लॅपटॉपशेजारी ठाण मांडत तारक्का गरजल्या. सामन्याचं घड्याळ मोठ्या पडद्यावर दाखवणाऱ्या, सून केतकीच्या प्रोग्रॅमने काल मैदानभर तिचं हसं केलं होतं. आधीच्या पकडीचा व्हिडिओ उघडेपर्यंत पडद्यावरचं घड्याळच थांबायचं. तिने घाईने ते काम दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावर टाकलं, तर तोही थेट पडद्यावर लिहायला गेला आणि सगळंच बंद पडलं.

"आज नाही व्हायचं, आत्या. मागचा थ्रेड आता नुसता निरोप धाडतो. पडद्याला हात लावणार फक्त मुख्य थ्रेड."

"म्हणजे माझ्या घरासारखंच की!"

गुण बरोबरीत. शेवटची चढाई तारक्कांच्या धाकट्याची. त्याने एक गडी टिपला आणि वळला, तोच दोघांनी त्याचा पाय धरला. मैदान उभं राहिलं. मागच्या थ्रेडवर आधीच्या पकडीचा व्हिडिओ उघडत होता, पण पडद्यावर चढाईचं घड्याळ पळतच होतं. तीन, दोन, एक, शून्य... आणि मग पोराचा हात मधल्या रेषेला टेकला.

"बाद!" पंच म्हणाले.

"ह्या घड्याळावर? काल तर मेलं होतं!" गावचीच पोरं ओरडली. पंच घुटमळले. केतकीचा चेहरा उतरला.

तारक्का ताडकन उठल्या. "उशीर माझ्या पोराला झाला, घड्याळाला नाही! वाजवा शिट्टी. आणि केतकी, रडतेस काय? लाव ह्या चढाईचा व्हिडिओ, घड्याळासकट ह्यांना डोळ्यांनी बघू दे."