उलटा गरुड

बोगुमिलाबाईंनी नाणं चौथ्यांदा तराजूवर ठेवलं. बरोबर तीन ग्रॅम. रतीभरही कमी नाही, जास्त नाही.

दोन झ्लोटीचं जुनं पितळी पोलिश नाणं होतं ते. एका बाजूला गरुड, जसा असायला हवा तसा. दुसऱ्या बाजूला दोनचा आकडा असायला हवा होता. पण तिथेही तोच गरुड होता, आत खचलेला आणि आरशात पाहावा तसा उलटा. अशी सहा नाणी न्यायालयाने मोहोरबंद पाकिटातून त्यांच्याकडे तपासायला पाठवली होती.

टांकसाळीत क्वचित असं घडतं. छापलेलं नाणं साच्यालाच चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर आकड्याऐवजी त्याचाच ठसा उमटतो. असं जन्मतःच चुकलेलं नाणं हाती लागलं की संग्राहक हरखून जातात. म्हणून मग लबाड माणसं घरीच उद्योग करतात. नाण्यावरचा आकडा घासून काढायचा, त्यावर दुसरं नाणं ठेवायचं आणि दोन्ही व्हाइसच्या लोखंडी जबड्यात करकचून आवळायची.

तेलेस्फोर गावलिकवर आरोप नेमका हाच होता. सत्तरीचा म्हातारा, निवृत्त फिटर. तळघरात व्हाइस, लेथ, कानशी, सगळं होतं. त्याने ही नाणी कायेतान रूत्स्की नावाच्या व्यापाऱ्याला विकली होती आणि आपण फसलो म्हणून रूत्स्कीने फिर्याद ठोकली होती. गावलिक एवढंच सांगत राहिला की नाणी आईच्या बटणांच्या डब्यात सापडली. त्याने वकीलसुद्धा केला नव्हता. रूत्स्कीने मात्र अर्जातच लिहिलं होतं, की तपासणी बोगुमिला व्झोसेकबाईंनीच करावी, त्यांच्याइतकं कडक कुणी नाही.

बाईंना ते वाचून बरं वाटलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी एका पोस्टमनचं नाणं त्यांनी एका दुपारीत पाहून खोटं ठरवलं होतं. त्याची नोकरी गेली, तो गाव सोडून गेला. दोन वर्षांनी तसंच दुसरं नाणं निघालं, मग तिसरं, आणि पोस्टमनचं नाणं अस्सल होतं हे साऱ्या संग्राहकांना कळलं. बाईंनी त्याला तीन पत्रं लिहिली. तिन्ही परत आली. तेव्हापासून त्या घाई करत नसत.

या वेळी त्यांनी नऊ दिवस घेतले. व्हाइसमध्ये दाबलेल्या नाण्याची मागची बाजू चेपते, म्हणून त्यांनी सरळ गरुडाचं पीस न् पीस भिंगाखाली पाहिलं. कुठे चेपलेलं नव्हतं. घासलेलं नाणं वजनात कमी भरतं. ही सहाही पुरेपूर भरली. कडांवर दात लागल्याची खूण नव्हती. नवव्या दिवशी त्यांनी मुद्दाम उलट बाजूने विचार केला: आपल्याला हा म्हातारा सुटायला हवाय, म्हणून तर खूण दिसत नाही ना? मग त्यांनी सहाही नाणी पुन्हा पहिल्यापासून पाहिली आणि अहवाल लिहिला.

न्यायालयात सरकारी वकिलांनी त्यांना तासभर उभं केलं. घरी असं बनवताच येत नाही का, असं त्यांनी तीन तऱ्हांनी विचारलं. बनवता येतं, पण मागे खूण राहते, असं बाई तीनदा म्हणाल्या. शेवटी न्यायाधीशबाईंनीच विचारलं, "तुमच्या मनात काही शंका?"

बाईंनी टेबलावरच्या सहा नाण्यांकडे पाहिलं.

"टांकसाळीतली चूक म्हणजे जन्मखूण," त्या म्हणाल्या. "नंतर केलेला उद्योग म्हणजे जखमेचा वण. या सहांवर मी वण शोधत होते. मला तो सापडला नाही. नाणी अस्सल आहेत."

गावलिक निर्दोष सुटला. निकाल ऐकताना त्याने मान खाली घातली आणि रुमालाने डोळे पुसले. रूत्स्की शांत होता. त्याने कारकुनाकडे निकालपत्राची नक्कल मागितली, प्रत्येक नाण्याच्या फोटोसकट. बहुतेक वरच्या न्यायालयात जाणार, बाईंना वाटलं. जाऊ दे. तिथेही हेच सांगता येईल.

बाहेर पडल्यावर त्यांना कित्येक दिवसांनी कडकडून भूक लागली. ट्रामचे रूळ ओलांडून त्या समोरच्या स्वस्त खानावळीत शिरल्या. बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगींची बशी घेऊन खांबाआडच्या टेबलाशी बसल्या. पोस्टमनची आठवण आली, पण आज ती नेहमीसारखी टोचली नाही. एक देणं थोडं तरी फिटलं असं वाटलं.

खांबापलीकडून ओळखीचा आवाज आला. त्यांनी वाकून पाहिलं. गावलिक आणि रूत्स्की एकाच टेबलावर पाठमोरे बसले होते, समोर बीटाचं लालभडक सूप. चला, दोघांचं मिटलं, बाईंच्या मनात आलं. त्यांना हसू आलं. उठून दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी काटा खाली ठेवला.

"नक्कल शुक्रवारी मिळेल, मामा," रूत्स्की म्हणत होता. "न्यायालयाचा शिक्का असल्यावर आता कोण शंका घेतंय?"

म्हाताऱ्याने चमच्यातलं सूप फुंकलं. "नऊ दिवस लावले म्हणे बाईंनी."

"लावू दे की. तेवढाच त्यांच्या शब्दाला भाव."

"तसं नाही रे. बरं वाटलं मला," म्हातारा म्हणाला. "एकेक बनवायला चार-चार महिने घातलेत मी."