अनामिकेपासून कानामागे

पद्माताईंनी बाही वर सरकवली आणि कुंपणावरून डावा हात मिसेस लिनना दाखवला. अनामिकेच्या नखापासून निघालेली मेंदीची रेघ मनगट, कोपर, खांदा चढत थेट कानामागे पोचली होती. कोपरावर एक फूलही होतं. ते चिनी वैद्यकात नसावं. ते सात वर्षांच्या ओवीचं होतं.

मिसेस लिन मास्क लावून चार पावलं लांब उभ्या होत्या. लॉकडाऊनमुळे त्यांचा सुयांचा दवाखाना बंद, आणि शेजारणीच्या हाताला हात लावायचीही सोय नाही. म्हणून काल त्यांनी स्वतःच्याच हातावर मार्करने रेघ ओढून दाखवली होती. ही अंगातल्या ऊर्जेची वाट, हिच्यावरून रोज बोटाने दाबत वर जायचं. पेनची रेघ आंघोळीत धुऊन जाणार, म्हणून आजी-नातीने फ्रिजमधला मेंदीचा कोन काढला. या शहाणपणावर दोघी भलत्याच खूश होत्या.

"व्हेरी गुड," मिसेस लिन म्हणाल्या. "बट बॅड शोल्डर... विच वन?"

पद्माताईंनी उजवा खांदा दाखवला आणि त्यांचा चेहराच उतरला. काल समोरासमोर उभं राहून बघितलेलं! मिसेस लिनचा उजवा तो आपला डावा झाला.

"ओवी, अगं, चांगल्या हातावर काढलीस ना!"

"आजी, यू सेड धिस वन!"

तेही खरंच होतं. पद्माताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उजवा हात वर जाईनासा झाल्यापासून त्यांचा अंबाडा सून घालत होती, सकाळच्या दोन मीटिंगांच्या मधे, कानात हेडफोन तसाच ठेवून. मयूरा कधी कुरकुरली नाही. पण काल ती सहज म्हणाली, "आई, कापू या का जरा? तुम्हालाच सोपं पडेल." तीन महिन्यांसाठी आलेल्या पद्माताई विमानं बंद झाल्याने दीड वर्ष इथे परदेशात अडकल्या होत्या. घर, गाव, मैत्रिणी, सगळं तिकडे राहिलं होतं. आपले म्हणावेत असे हे केसच उरले होते.

मिसेस लिन मात्र हसत होत्या. "नो वरीज! ओल्ड डॉक्टर, राइट साइड पेन, लेफ्ट साइड प्रेस. सेम रोड."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेय झालं," पद्माताई पुटपुटल्या. तरी त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला सांगून टाकलं, "मेंदी जाईपर्यंत थांब. मग काप."

"बरं," मयूरा म्हणाली.

आता डाव्या हातावरची रेघ दाबायची तर उजवाच हात लागणार. पहिल्या दिवशी तो कोपरावरच्या फुलापाशीच अडला आणि पद्माताई कळवळल्या. आठवड्याने फुलाच्या चार बोटं वर गेला. मेंदी फिकी पडायला लागली, तेव्हा ओवीने गुपचूप पुन्हा गिरवली. पुढच्या पंधरवड्यातही गिरवली. मयूराला मेंदीचा वास येत नव्हता असं नाही. ती कात्रीचं नाव काढत नव्हती, इतकंच.

क्वेकर्स हिल या त्यांच्या उपनगरात थंडी ओसरली. पद्माताईंची बोटं एकदाची कानामागे पोचली.

त्या सकाळी मिसेस लिन केस मोकळे सोडूनच कुंपणापाशी आल्या. सलून बंद असल्यामुळे ते खांद्याखाली उतरले होते आणि त्यांना आवरत नव्हते. पद्माताईंच्या अंबाड्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "दॅट. हाऊ?"

"दाखवते. पण समोरासमोर नको, बाई. पुन्हा उलटं व्हायचं." पद्माताई त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. सुनेने घातलेला अंबाडा त्यांनी सोडला. दोन्ही हात मागे नेऊन केस गोळा केले, पीळ दिला, गुंडाळले, आकडा खोचला. ओवी बघतच राहिली. खिडकीतल्या मयूराने हेडफोन काढून ठेवला.

"कळलं का? सी? इझी," पद्माताई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

मिसेस लिननी आपल्या केसांना हातसुद्धा लावला नव्हता. त्यांची नजर पद्माताईंच्या उजव्या हातावर होती.

"वन्स मोर," त्या म्हणाल्या.