एका छपराखाली

स्तातोरियसने पाठवलेल्या अंजिरांतलं एक मेसिदियसने उचललं, अर्धं तोडून आपल्या गुलामाला, दामासला, दिलं आणि तो ते गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिला. दामासला काही झालं नाही. तरी उरलेलं अर्धं मेसिदियसने ताटलीतच ठेवलं.

स्तातोरियस त्याचा जिवाभावाचा मित्र होता, आणि उद्या सिनेटमध्ये मेसिदियस त्याच्यावरच राजद्रोहाचा आरोप करणार होता. आरोप खोटा नव्हता. कट शिजला तो मेसिदियसच्याच बागेत, जेवता जेवता, आणि यजमान म्हणून तोही स्तातोरियसच्या शेजारी रेलून मान डोलावत होता. पण बेत फसणार याची त्याला कुणकुण लागली. अशा वेळी जो आधी तोंड उघडतो तो वाचतो, एवढं राजकारण त्याने पचवलं होतं.

आज सकाळी स्तातोरियस नेहमीसारखा भेटायला आला. नेहमीपेक्षा जरा जास्तच हसला, ते मेसिदियसला खटकलं. जाताना तो दारात थांबून दामासशी काहीतरी बोलला, ते त्याहून खटकलं.

"काय म्हणत होता?" केस विंचरून घ्यायला बसताना त्याने विचारलं.

"विचारत होते, तुमच्या मालकांना झोप लागते का नीट," दामास म्हणाला.

"मग?"

"म्हटलं, लागते. त्यांच्या झोपेवरच तर आमचा जीव आहे."

मेसिदियसला हसू आलं. गुलाम खरंच बोलला होता. घरात मालकाचा घात झाला, तर त्या छपराखालच्या एकूण एक गुलामाला क्रुसावर चढवायचं, असा कायदा होता. कुणी केलं आणि कोण नुसतं झोपलं होतं, याची चौकशी नाही. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरात तसं घडलं, तेव्हा काही सिनेटरांना पाझर फुटला होता. मेसिदियसने त्यांना खडसावलं आणि सगळ्यांना चढवायला लावलं. त्याच्या स्वयंपाकिणीची, खिओनेची, बहीण म्हणे त्या घरात लोकर कातायची. पण त्या दिवशीही कालवणात मीठ बरोबर पडलं होतं, म्हणजे बाईने मनाला लावून घेतलं नसावं.

म्हणून बाहेरून आलेलं तो दुसऱ्याला चाखायला लावी आणि घरात शिजलेलं बेधडक खाई. मित्रांचा संशय, मेहुण्याचा संशय, बायकोचाही थोडा. गुलामांचा घेण्याचं कारणच नव्हतं.

कंगवा मध्येच थांबला. दामास चाचरत म्हणाला की आरोप झाल्यावर स्तातोरियस काही गप्प बसणार नाहीत. बागेत कोण कोण होतं ते यजमानाच्या गुलामांना विचारा, अशी मागणी करतील. राजद्रोहाच्या खटल्यात मालकाविरुद्धही गुलामाची साक्ष चालते, आणि ती कशी काढतात ते मालकांना ठाऊकच आहे.

मेसिदियसला ठाऊक होतं. फटके आणि निखारे यांच्याशिवाय काढलेली गुलामाची साक्ष कुणी खरी धरतच नसे.

"तू बोलशील?"

"मी नाही बोलणार. पण निखारा लावल्यावर तोंड माझं राहील का, ते कसं सांगू?"

मेसिदियस मनात वाटा चाचपू लागला. यांना विकावं, तर नवा मालक दुसऱ्याच दिवशी हवाली करील. मारावं, तर अख्खं शहर विचारील, याला लपवायचं काय होतं?

"स्वतंत्र माणसाला निखारे लावत नाहीत," तो शेवटी पुटपुटला आणि हातातल्या चांदीच्या आरशात त्याने दामासचा चेहरा न्याहाळला. तिथे आनंदाची रेष जरी दिसली असती, तरी त्याने बेत मोडला असता. दामास कानामागचे केस सारखे करत होता.

"मला एकट्याला नको, मालक," तो म्हणाला. "त्या दिवशी वाढायला आम्ही सगळेच होतो. दारवान बडबड्या, आणि खिओने तर चिमटा बघूनच बोलेल."

दुपारच्या आत सगळे न्यायाधिकाऱ्यासमोर उभे होते. खांद्याला काठी लागली, मालकाने हात धरून एकेकाला गोल फिरवलं आणि डोक्यावर स्वतंत्र झालेल्यांच्या लोकरी टोप्या चढल्या. खिओने रडली. गर्दीत स्तातोरियस दिसला. आपली पुढची खेळी बंद झाली हे त्याला कळलं असणार, म्हणून मेसिदियसने मुद्दाम त्याच्याकडे बघितलं. स्तातोरियस टाळ्या वाजवत होता. उसनं अवसान, मेसिदियसने मनात म्हटलं.

घरी आल्यावर त्याला कडकडून भूक लागली. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. ऊन अजून अंगणातच होतं तेवढ्यात खिओनेने मधात शिजवलेली नाशपाती आणली. त्याने वाडगा जवळजवळ संपवला, आणि मग लहर येऊन उरलेलं दामासपुढे धरलं.

"घे. आता माझ्या ताटातलं खायला हरकत नाही."

"नको, मालक."

"ही सगळी युक्ती तुला सुचली तरी कुठे रे?"

"सकाळी, दारात."

मेसिदियसच्या जिभेला मुंग्या आल्या होत्या. मध कडू लागला होता का, ते त्याला आठवेना. त्याने खिओनेकडे बघितलं. ती टोपी नीट बसवत होती.

"खिओने," तो जड जिभेने म्हणाला, "कायदा विसरलीस? या छपराखालचा एकूण एक गुलाम..."

"या छपराखाली आता गुलाम कुठे आहेत, मालक?"