मेव्हण्याचा नांगर

आमच्या बेटाची वीज समुद्रातल्या पवनचक्क्यांवरून पाण्याखालच्या केबलने येते. ती आली तेव्हा डिझेलचं इंजिन आम्हीच वाजतगाजत भंगारात घातलं. केबलपाशी मासळी जमते म्हणून सकाळी मेव्हण्याने मनाई असूनही तिथंच नांगर टाकला आणि उचलताना केबल तोडली. आता बायकोचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर चाललंय आणि बॅटरीही संपत आलीय. वीजवाल्या साहेबाला फोन केला तर म्हणतो, "काका, एवढ्या वाऱ्यात दुरुस्तीची बोट सुटणार नाही." खिडकीतून बघतो तर पवनचक्क्या गरागरा फिरतायत. बाहेर वारा मावेना, हिच्या छातीत चिमूटभर शिरेना. मी आपला ताटलीने वारा घालतोय. मेव्हणा उंबऱ्यावर नांगर मांडीवर घेऊन बसलाय. केबलचं काळं साल अजून त्याला चिकटलंय. "भाऊजी, शिव्या तरी द्या." मी ताटली दुसऱ्या हातात घेतली. हिने उरलासुरला श्वास गोळा केला, "बाळ्या, जेवलास का?"