मऊ माती

रोह्याच्या कॉलेजात शेतकी शिकणाऱ्या पूजाला गावातल्या सुलेमानचाचांनी आपली पाच गुंठे पडीक जागा दिली होती. "कर तुला काय प्रयोग करायचे ते, पोरी." तीन वर्षं तिनं हातानं खडे वेचले, शेणखत आणि पालापाचोळा घातला, विकतच्या खताची गोणी बांधावरही येऊ दिली नाही. यंदा तर मूठभर माती उचलली तरी हाताला गांडूळ लागायचं.

परीक्षा संपवून ती गावी आली तेव्हा त्या जागी गुडघाभर खड्डा होता.

"वरची माती तेवढी वीटभट्टीवाल्याला दिली," चाचा समजुतीनं म्हणाले. "जमीन जागच्या जागीच हाय गो. आता पेर काय पेरायचं ते."

जमीन त्यांचीच होती.

ती भट्टी पेण रस्त्याला होती. पूजाची आई, मंगळी, दर हंगामात तिथंच विटा पाडायची. दुसऱ्या दिवशी पूजा तिला भेटायला गेली, तेव्हा ती खड्ड्यात उभी राहून विटांचा चिखल तुडवत होती. लेकीला बघून तिचा चेहरा फुलला.

"यंदा माती बघ गो कशी आलीय, लोण्यावानी. इतकी वर्षं तुडवतेय, पन पायाला खडा लागला नाय असं पयल्यांदाच झालं."

पूजानं आईच्या पायांकडे पाहिलं. दरवर्षी त्यांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. यंदा एक ओरखडा नव्हता.

"कोनाची असंल गो ही माती?"

"असंल कोनाची तरी," पूजा म्हणाली, आणि सलवार वर खोचून आईशेजारी चिखलात उतरली.