उडदाचं लुकण

आणीबाणी उठली त्या वर्षी आसगावात कुठंच डांबर मिळेना, म्हणून मंगरूनं उडदाच्या चिकट पिठात धानाचा भुसा कालवून लुकण केलं अन् मासेमारीच्या लाकडी डोंग्याच्या बुडाची भेग बुजवली. "पवनीच्या किल्ल्याचे दगड उडदानंच धरून ठेवले म्हणते, हा डोंगा काय चीज हाय?" असं म्हणत त्यानं पोहता न येणाऱ्या बायकोला, रेवताबाईला, गळाची दोरी धरायला सोबत घेतलं.

तलावाच्या मधोमध बुडाखालून खरवडल्याचा आवाज यायला लागला. कोणी नखांनी लाकूड ओरबाडावं तसा. गेल्या साली इथंच बुडालेली सखाबाई रेवताबाईच्या डोळ्यांपुढं उभी राहिली अन् अंगावर सर्रकन काटा आला.

"अवो, खाली कोणीतरी हाय!"

मंगरूनं वाकून पाहिलं अन् तो आनंदानं ओरडलाच, "अवं, मासोऱ्या हायेत! एवढ्या तं जलमात नाही पाहिल्या!"

रेवताबाईच्या जिवात जीव आला. "गळाले काय लावलं जी तुमी?"

"रोजचंच, उडदाचं पीठ. पर आज गळ तं अजून टाकलाच नाही!"



रेवताबाईच्या तळपायाला गार पाणी लागलं.